अमळनेरचे साने सर

आपण जुने विद्यार्थी एकत्र जमलो की गप्पा शेवटी दोनच विषयांवर येतात. एक गुडघे आणि दुसरा नातवंडांच्या शाळा. जळगावात कोणती शाळा चांगली, धुळ्यात कोणत्या शाळेची फी किती, कोणाच्या नातवाला नाशिकला ठेवले, कोणाच्या नातीला थेट कोट्याला पाठवले. मग कोणीतरी म्हणतो की पैसा असला म्हणजे सगळे जमते. दुसऱ्याचे म्हणणे, डोकेच नसेल तर सोन्याच्या शाळेत घालून उपयोग काय? तिसरा आपल्या पिढीचा दाखला देतो : पाटी-दप्तर धड नव्हते, तरी शिकलोच ना! वाद काही मिटत नाही आणि चहा मात्र थंड होतो.

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर माणसाचे चरित्र लिहून द्या, असे संपादक मंडळाने कळवले तेव्हा हा वाद डोक्यात होता. म्हणून साने गुरुजी निवडले. ते मूळचे कोकणचे, पण त्यांना घडवले आपल्या खानदेशाने आणि त्यांनीही खानदेशातली कितीतरी मुले घडवली. ‘श्यामची आई’ आपण सर्वांनी वाचली आहे, बहुतेकांनी रडत वाचली आहे. पण त्या रडण्यात एक गोष्ट निसटते. हे पुस्तक आईच्या मायेइतकेच कर्जाचे, फीचे आणि दोन वेळच्या जेवणाचेही आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातल्या पालगड गावी झाला. आजोबांच्या काळात घर खोताचे, खाऊन-पिऊन सुखी. वडील सदाशिवराव यांच्या हयातीत ती स्थिती घसरत गेली. कर्ज झाले, ते वाढत गेले आणि अखेर घरादारावर जप्ती आली. म्हणजे पांडुरंग जन्माने गरीब नव्हता. त्याच्या डोळ्यांदेखत घर गरीब झाले. या दोन गोष्टींत फरक आहे. घरात अक्षरओळख होती, स्तोत्रे होती, वडिलांना मुलाने शिकावे असे मनापासून वाटत होते आणि आई यशोदाबाई हे तर स्वतंत्रच विद्यापीठ होते. पैसा गेला, पण पैसा असताना घरात जे आले होते ते लगेच गेले नाही.

प्राथमिक शिक्षण गावातच झाले. पुढच्या शिक्षणासाठी त्याला पुण्याला मामांकडे ठेवले. आजच्या भाषेत सांगायचे तर मुलाला मोठ्या शहरातल्या चांगल्या शाळेची संधी मिळाली. आणि पठ्ठ्या तिथे रमला नाही, परत आला! आपल्या नातवाने असे केले असते तर आपण काय म्हटले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा. मग त्याला दापोलीच्या मिशनरी शाळेत घातले. तिथे त्याची हुशारी शिक्षकांच्या नजरेत भरली. मराठी आणि संस्कृत उत्तम, कवितेची गोडी. ‘श्यामची आई’त एक प्रसंग आहे. पुस्तके वाचल्याशिवाय मोठे होता येत नाही असे श्यामच्या मनाने घेतले आणि पुस्तकांसाठी त्याने पैसे चोरले. आईने त्यावर काय केले ते सर्वांना माहीत आहे. मला त्या प्रसंगात दिसतो तो हुशार पण रिकाम्या हाताचा मुलगा. हुशारीला काहीतरी खायला लागते, ते घरात नव्हते.

दापोलीला असतानाच घरची स्थिती इतकी ओढगस्तीची झाली की शिक्षण पुढे चालवणे अशक्य झाले. थोरल्या भावाने नोकरी धरली होती. पांडुरंगाच्या मनातही तेच आले. इथे जरा थांबू या. एकच घर, एकच आईबाप, तेच दारिद्र्य. एक मुलगा शिकतो आणि दुसरा कमावू लागतो. थोरला भाऊ बुद्धीने कमी होता असे कोणी म्हणत नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरात असा एक भाऊ किंवा बहीण असते, ज्यांनी वही मिटली म्हणून दुसऱ्याची वही उघडी राहिली. यशस्वी माणसाच्या सत्काराच्या वेळी त्या भावाला व्यासपीठावर खुर्ची नसते.

पांडुरंग नोकरीला लागला नाही, कारण एका मित्राने त्याला औंध संस्थानाची माहिती दिली. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे राज्य होते. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, चित्रकलेचे वेड असलेले हे राजे. तिथे गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची आणि जेवणाची सोय होती. म्हणजे एका मित्राचे एक वाक्य आणि एका संस्थानाची एक योजना, एवढ्यावर ते शिक्षण तरले. मित्राने सांगितले नसते तर? रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड्यात औंधची ही सोय कोणाला ठाऊक असणार! आजही फी-सवलतीच्या योजना कागदावर भरपूर असतात आणि ज्याला त्यांची गरज असते त्याच्यापर्यंत त्या पोहोचत नाहीत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. त्याचा ऑनलाइन अर्ज भरायला शेतमजूर बापाला कोण मदत करतो, हे आपापल्या गावात विचारून पाहावे.

औंधला हाल होतेच, पण शिक्षण चालू होते. तेवढ्यात प्लेगची साथ आली आणि सगळ्या मुलांना घरी पाठवले. पांडुरंग पालगडला आला. एका रात्री त्याच्या कानावर आईवडिलांचे बोलणे पडले. साथीचे निमित्त करून मुलगा शिक्षण सोडून आला असावा, अशी शंका वडिलांना येत होती. ती मुलाला इतकी लागली की तो तडक पुण्याला निघाला आणि नूतन मराठी विद्यालयात दाखल झाला. ज्या पुण्यात लहानपणी नातेवाइकांकडे राहायची सोय असताना तो टिकला नव्हता, त्याच पुण्यात आता अर्धपोटी राहून टिकला. शहर तेच, मुलगाही तोच. बदलले होते ते त्याच्या मनातले काहीतरी. हे काहीतरी म्हणजे स्वाभिमान म्हणा, ईर्ष्या म्हणा. ते फी भरून मिळत नाही हे खरे, पण नुसत्या ईर्ष्येवर पोट भरत नाही हेही तितकेच खरे. १९१७ साली आई गेली. शेवटच्या घटकेला तो तिच्याजवळ नव्हता. १९१८ साली तो मॅट्रिक झाला.

पुढे न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे आजच्या स. प. महाविद्यालयातून, १९२२ साली ते बी.ए. झाले. नोकरीच्या बाजारात त्या काळी बी.ए.ला मोठे मोल होते. कचेरीत चिकटले असते तर घराचे कर्ज फिटले असते आणि आपल्याकडच्या भाषेत गडी सेटल झाला असता. ते आले अमळनेरला, तत्त्वज्ञान शिकायला.

अमळनेरची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण पैसा विरुद्ध बुद्धी हा वाद इथे वेगळेच वळण घेतो. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. अमळनेर पूर्व खानदेशात, बोरी नदीच्या काठी. वारकऱ्यांना ते सखाराम महाराजांमुळे माहीत आणि व्यापाऱ्यांना कापसामुळे. तिथले गिरणीमालक मोतीलाल माणेकचंद म्हणजेच श्रीमंत प्रताप शेठ. या धनिकाला वेड होते वेदान्ताचे. १९१६ साली त्यांच्या पुढाकाराने आणि पैशाने अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या गावात शंकराचार्यांच्या भाष्यावर चर्चा होऊ लागल्या. देशभरातून अभ्यासक तिथे येऊन राहू लागले, त्यांत हा पुण्याचा नवा पदवीधर होता. त्याच गावात खानदेश एज्युकेशन सोसायटीची शाळा होती, जी पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. तिच्याही पाठीशी शेठजींचा हात होता.

जून १९२४ मध्ये साने त्या शाळेत शिक्षक म्हणून लागले. वय साडेचोवीस.

ही शाळा सरकारी नव्हती. आजच्या व्याख्येने खासगीच म्हणायला हवी. खरे तर आपल्या खानदेशातल्या बहुतेक जुन्या हायस्कुलांची जात हीच. गावातल्या वकिलांनी, व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी वर्गणी काढून मंडळ स्थापले, जागा मिळवली, मास्तर आणले. तेव्हा खासगी शाळा म्हणजे ज्यांच्याकडे आहे त्यांनी ज्यांच्याकडे नाही त्यांच्या मुलांसाठी काढलेली शाळा. आज त्याच शब्दाचा अर्थ साधारण उलटा झाला आहे. म्हणून खासगी शाळा चांगली की वाईट असे कोणी विचारले की मी आधी विचारतो, कोणत्या काळातली?

शाळेला जोडून छात्रालय होते. आसपासच्या खेड्यांतली मुले तिथे राहायची. त्यांचे घर म्हणजे वावर आणि ढोरे, घरची बोली अहिराणी, आणि वर्गात समोर पुस्तकी मराठी व त्यावर इंग्रजी. त्या काळी इंग्रजी शाळेत खेड्यातला मुलगा आला की तो निम्मा हरलेलाच असे. डोके नसते म्हणून तो हरत नसे. रात्री दिव्यापाशी बसवणारे, अडलेला शब्द सांगणारे, ताप आल्यावर कपाळावर हात ठेवणारे तिथे कोणी नसे म्हणून हरे. साने सरांकडे या छात्रालयाची देखरेख आली आणि त्यांनी नेमके तेच काम अंगावर घेतले.

त्यांनी काय केले, तर मुले शाळेत गेली की खोल्या झाडल्या. अंथरुणे नीट केली. मळके कपडे दिसले तर धुऊन वाळत घातले. आजारी मुलाजवळ रात्र काढली. ज्याची फी थकली त्याची आपल्या पगारातून भरली. आणि हे सगळे शक्य तितके गुपचूप. कोकणातून आलेला, लाजाळू, चारचौघांत फारसा न बोलणारा हा शिक्षक मुलांना सुरुवातीला अजबच वाटला असणार. पण आपले धोतर सरांनी धुतले हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी तो मुलगा आपले धोतर आपणच धुऊ लागे. उपदेशाचा तास त्यांना घ्यावा लागला नाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची आणखी एक गोष्ट. ते छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेले एक दैनिक काढत. नाव ‘छात्रालय’. रोज! जगात काय चालले आहे, कोणते पुस्तक वाचावे, कोणी थोर माणूस कसा जगला, छात्रालयात काल काय घडले, असे सारे त्यात. दिवसभर शिकवून, मुलांचे पाहून, मग रात्री बसून हा माणूस उद्याचा अंक लिहीत असे. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही काढले. धनवान घरातल्या मुलाला जे आपोआप मिळते, म्हणजे जेवताना कानावर पडणारे जगाचे बोलणे, घरात पडलेली वर्तमानपत्रे, वडीलधाऱ्यांच्या गप्पा, ते खेड्यातल्या मुलाला मिळत नाही. त्याला गणित शिकवता येते, पण ही हवा कुठून आणणार? साने सर ती हवा रोज हाताने लिहून देत होते. ज्याला लहानपणी पुस्तकासाठी पैसे चोरावे लागले, त्याला ही भूक नेमकी ठाऊक होती.

याच १९२४ साली साताऱ्यात भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले एका छपराखाली राहणारी, एका पंगतीत जेवणारी. वसतिगृह म्हणजे राहायची खोली इतकाच अर्थ या दोघांनी कधी धरला नाही. गरीब मुलाला शाळा मिळूनही तो का गळतो, याचे उत्तर दोघांनाही शाळेच्या बाहेर, म्हणजे जेवणघरात आणि झोपायच्या जागेत सापडले होते.

जाता जाता एक दूरची गोष्ट. साने पुण्यात कॉलेजात शिकत होते तेव्हा, १९२१ साली, अमेरिकेत कॅलिफोर्नियात लुईस टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक मोठा प्रयोग सुरू केला. बुद्ध्यंक मोजून सुमारे दीड हजार अतिहुशार मुले निवडली आणि ती पुढे काय होतात याची आयुष्यभर नोंद ठेवायचे ठरवले. बरीच मुले पुढे नावारूपाला आली, पण त्यांतल्या एकालाही नोबेल मिळाले नाही. उलट चाचणी घेऊन ज्यांना या यादीबाहेर ठेवले त्यांच्यातल्या दोघांना मिळाले. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ अशी त्यांची नावे, दोघेही पदार्थविज्ञानाचे. बुद्धी नसतेच असे यातून सिद्ध होत नाही. ती मोजून माणसाचे भविष्य सांगायला जाऊ नये, एवढे कळते. छात्रालयात मुलगा घेताना साने सरांनी कोणाचे डोके मोजल्याचे ऐकिवात नाही.

आपल्या माजी विद्यार्थी मंडळाच्या निधीचे काय करावे यावर सध्या चर्चा चालू आहे, म्हणून इथेच माझे मत नोंदवतो. दहावीत पहिल्या आलेल्यांना बक्षिसे, डिजिटल फळा आणि प्रवेशद्वाराची कमान असे तीन प्रस्ताव आहेत. तिन्ही चांगले आहेत आणि तिन्हींवर देणगीदारांची नावे कोरता येतात. पण जो पहिला येतो त्याला आपली गरज सर्वांत कमी असते. दिवाळीनंतर कापूस वेचायला नाहीतर ऊसतोडीला आईबाप निघतात आणि त्यांच्याबरोबर आठवी-नववीची मुले जातात. आपल्या जळगाव-धुळ्याच्या सातपुड्याकडच्या गावांत हे नवे नाही. त्या चार-पाच महिन्यांत अशा दहा-पंधरा मुलामुलींची गावातच जेवणाची, झोपायची आणि रात्रीच्या अभ्यासाची सोय झाली, तर त्या खर्चाला निधी पुरेल. त्याला कमान लागत नाही. एक स्वयंपाकीण लागते आणि मुलांजवळ रात्री थांबणारे एखादे मोठे माणूस लागते. निवृत्त झालेल्यांची आपल्यात वाण नाही.

छात्रालयातली ही सहा वर्षे एप्रिल १९३० मध्ये संपली. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि साने सरांनी राजीनामा दिला. सुखाची म्हणावी अशी त्यांच्या आयुष्यातली ही एकमेव नोकरी, आणि तिच्याकडे ते परत गेले नाहीत. गावोगाव प्रचार, अटक, धुळ्याचा तुरुंग, मग तिकडे दूर त्रिचनापल्लीचा तुरुंग. तिथे दक्षिणेतले राजबंदी भेटले, तमिळ वाङ्मयाची ओळख झाली आणि कुरलचा त्यांनी मराठी अनुवाद केला. आंतरभारतीची कल्पना पुढे त्यांच्या मनात रुजली तिचे बी या तुरुंगात आहे असे मला वाटते.

१९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात आले. तिथे विनोबा होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. अठरा अध्याय, अठरा प्रवचने. साने गुरुजी समोर बसून ती भराभर उतरवून घेत. लघुलेखक नाही, यंत्र नाही, फक्त एक सराव झालेला हात. हा सराव कुठला? मला वाटते, रोज रात्री मुलांसाठी दैनिक लिहिणाऱ्या हाताचाच. त्या टिपणांतून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ झाला आणि भारताच्या बहुतेक भाषांत गेला. धुळेकरांनी यावर थोडा तरी अभिमान बाळगावा.

पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत, त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. पाच दिवस! मात्र त्यामागे पस्तीस वर्षांच्या आतले सारे आयुष्य होते.

इथे मला बहिणाबाईंची आठवण होते. जळगावजवळच्या असोद्याच्या या लेकीचा जन्म १८८० सालचा, म्हणजे गुरुजींपेक्षा त्या एकोणीस वर्षांनी मोठ्या. शाळेची पायरी चढल्या नाहीत. लवकर वैधव्य आले, तीन मुले वाढवली, जात्यावर दळता दळता आणि शेतात राबता राबता ओव्या रचल्या. त्यांच्या बुद्धीबद्दल आज कोणाला शंका आहे? पण त्या ओव्या कागदावर आल्या त्या मुलगा सोपानदेव शिकला, कवी झाला आणि घरात लिहून घेणारे कोणी होते म्हणून. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने त्यांची गाणी १९५२ साली छापली गेली. स्वतः त्यांनी ते पुस्तक पाहिले नाही. ज्या घरात लिहिणारे कोणीच नव्हते, तिथल्या बहिणाबाई कुठे गेल्या? शाळेने बुद्धी दिली नसेल, पण शाळा नसल्याने किती बुद्धी जात्याच्या पिठाबरोबर उडून गेली याचा हिशेब कोणाकडेच नाही. शाळेविना मोठी झालेली माणसे दाखवून शाळेचे महत्त्व कमी करणाऱ्यांशी म्हणूनच माझे पटत नाही.

साने गुरुजींनाही जे मिळाले ते सर्वांना मिळत नव्हते, हे सांगितले पाहिजे. घर दरिद्री झाले तरी ब्राह्मणाचे होते. पुण्यात अर्धपोटी राहणाऱ्या मुलाला कोणी दाराबाहेर उभे केले नाही. पालगडातच दुसऱ्या वस्तीत जन्मलेल्या तितक्याच हुशार मुलाला दापोली, औंध, पुणे हा रस्ता इतक्या सहजी मोकळा नव्हता. गुरुजींना ही जाणीव पुढे फार तीव्रतेने झाली. १९३६च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले पहिलेच अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्यासाठी गुरुजी पायी गावे पालथी घालत होते. नंतरच्या वर्षांत ते शेतकऱ्यांच्या आणि अमळनेर-धुळ्याच्या गिरणी कामगारांच्या कामात पडले. ज्या गिरणीच्या नफ्यातून त्यांचे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, तिच्याच साच्यांवर काम करणाऱ्यांची बाजू ते मांडत होते. प्रताप शेठांचे दातृत्व खरे होते आणि कामगारांचे गाऱ्हाणेही खरे होते. दोन्ही एकाच कापसातून निघालेले. यातले एकच सांगून चरित्र गोड करायची माझी इच्छा नाही.

१९४२ला भूमिगत, पुन्हा तुरुंग. स्वातंत्र्य दाराशी आले तेव्हा या माणसाने पंढरपूरच्या विठ्ठलाच्या दाराशी उपोषण मांडले. १ मे १९४७ला सुरू केले, १० मे रोजी सोडले, आणि हरिजनांना मंदिर खुले झाले. त्यासाठी आधी महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी लोकांची मने तयार केली होती. लहानपणी स्वतःला जी दारे थोड्या प्रयत्नाने उघडली, ती दुसऱ्यांना जन्मावरून बंद असावीत हे त्यांना सहन होत नव्हते. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ते आजही निघते.

आता त्या वादातल्या यश या शब्दाकडे येतो. पैशाच्या मापाने पाहिले तर साने गुरुजी अपयशी. घर नाही, संसार नाही, बँकेत पैसा नाही. एम.ए. झालेल्या माणसाने सहा वर्षांत नोकरी सोडली. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या मनाची जखम भरली नाही. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपले आयुष्य संपवले. शाळेच्या पुस्तकांत हे वाक्य गाळतात. मी गाळत नाही. ज्याने शेकडो मुलांच्या उशाशी रात्री काढल्या, त्याच्या उशाशी त्या दिवसांत कोण होते, हा प्रश्न मला सोडत नाही. हुशार, प्रेमळ, लोकप्रिय माणसालाही आधार लागतो आणि तो मागता येत नाही असे होऊ शकते. आज दहावी-बारावीच्या टक्क्यांपायी कोमेजणारी मुले आपल्या घरांत आहेत, कोट्याला पाठवलेलीही आहेत. त्यांना रात्री फोन करून मार्क सोडून दुसरे काहीही विचारावे.

शेवटच्या वर्षांत ते पुतणीला पत्रे लिहीत होते. ‘सुंदर पत्रे’ या नावाने ती पुढे पुस्तकरूपाने आली. झाडे, पाखरे, ढग, वाचलेली पुस्तके, भेटलेली माणसे, देशातल्या घडामोडी, सारे त्या पत्रांत आहे. अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी रात्री जे लिहिले जाई, त्याचीच ही तऱ्हा. फरक इतकाच की वाचणारी आता एकच होती.

१९५३ साली आचार्य अत्र्यांनी ‘श्यामची आई’वर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी तो गावात आलेल्या तंबूत, सतरंजीवर बसून पाहिला असेल.